फोनमधली अस्तेरिया

कोल्कापाम्पा, ९ ऑगस्ट

योवाना,

आशीर्वाद आहेतच, आता कामाचं बोलते.

खिशात फोन असताना माई कागद का खरडतेय आणि तो बसच्या ड्रायव्हरच्या हाती का देतेय, म्हणून तू हसशील. हस. पण आज मी फोनवर तुला जे बोलेन, ते उद्या तुझं यंत्र माझ्याच आवाजात तिसऱ्याच बाईला ऐकवील, अशी मला शंका आहे. झेनोन ड्रायव्हर निदान पाकीट फोडत नाही. फोडलं तरी चष्म्याशिवाय त्याला वाचता येत नाही, आणि चष्मा तो लाजेपायी घालत नाही.

तर सरळ विचारते. तुझ्या त्या फोनमध्ये माझा आवाज काय काय बोलतो?

गेल्या पेरणीच्या आधी तू मला शहरात, एल आल्तोला नेलंस, भिंतींना ब्लँकेटं टांगलेल्या खोलीत बसवलंस आणि वाक्यं वाचून घेतलीस. पाय सुजलेत का, डोकं दुखतं का, या महिन्यात पाळी आली का. ज्या बायकांना वाचता येत नाही त्यांना हा फोन जाणार, त्या आपल्या भाषेत उत्तर देणार, आणि बाळंतपणात कुणाचा जीव जाणार नाही, असं तू म्हणालीस. मी म्हटलं, पोरगी चांगल्या कामाला लागली. इतकी वर्षं मी रेडिओवर गावोगावचे निरोप वाचतेय, 'अमक्याच्या आईनं बटाटे ट्रकनं पाठवलेत, उतरवून घ्या' म्हणून. त्यात चार वाक्यांची भर.

गुरुवारी बाजारात बेनिता भेटली. खालच्या वस्तीतली, दिवस भरत आलेत तिचे. हातात चीजचा मोठा गोळा. म्हणाली, "अस्तेरियाबाई, तुम्ही विचारलंत म्हणून दवाखान्यात गेले, नाहीतर मी कसली जातेय. रक्तदाब चढला होता म्हणे, दोन दिवस ठेवून घेतलं." मी म्हटलं, बरं झालं बाई. तर म्हणते, "तुम्ही नाव घेऊन विचारलंत ना, बेनिता, पाय सुजलेत का, मग खोटं बोलायची लाज वाटली."

चीज मी घेतलं. पण त्या खोलीत मी बेनिताचं नाव कधी घेतलं? कुणाचंच घेतलं नव्हतं.

दुसरं म्हणजे, बाजारात काही बायका मला पाहून मान खाली घालायला लागल्यात. एरवी बटाट्याच्या ढिगामागून हाका मारणाऱ्या बायका या. किराणावाल्याची बायको तर तोंडाला शाल लावून आतच गेली. ती माझ्याशी काय बोलली ते मला ठाऊक नाही, आणि तिला वाटतंय मला ठाऊक आहे. पाणी कुठंतरी मुरतंय, योवाना. कुठं ते तू सांग.

अर्धं चीज सोबत पाठवलंय.

माई


एल आल्तो, १७ ऑगस्ट

माई,

नमस्कार. चीज पोचलं आणि ऑफिसात एका बैठकीत संपलं. बेनिताची गोष्ट मी सगळ्यांना सांगितली, तेव्हा आमचे इंजिनियरसाहेबसुद्धा खुर्चीतून उठले. एक बाई वाचली, कदाचित बाळही वाचलं, आणि ते तुमच्या आवाजानं झालं. मला वाटलं होतं तुम्ही खूश होऊन लिहाल.

नावांचं सांगते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. तुम्ही वाचलेल्या वाक्यांवरून यंत्र तुमचा आवाज शिकलं. आता त्याला कुठलंही नाव दिलं की ते तुमच्या आवाजात घेतं. नावानं हाक मारली की बायका मोकळ्या होतात, एवढाच त्यामागचा हेतू.

बाजारातल्या बायकांचं मनावर घेऊ नका. या विषयावर बोलून झालं की लाज वाटतेच. मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा मी तुमच्या रेडिओच्या टेबलाखाली जाऊन बसले होते, आठवतं का? तुम्ही निरोप वाचता वाचता पायानं शाल माझ्याकडे सरकवलीत, आणि मग घरी कुणालाही काही विचारू दिलं नाहीत. मला त्या वेळी वाटलं होतं, प्रत्येक पोरीला अशी एक माई मिळाली पाहिजे. खरं सांगायचं तर या कामाची कल्पना तिथूनच आली.

एक विनंती आहे. रेडिओवर दोन शब्द चांगले बोलाल का, की हा फोन आला तर घाबरू नका, मनमोकळं बोला? पुढच्या वर्षी आणखी तीन जिल्ह्यांत जायचंय. त्यासाठी तुमचा होकारही लागेल, पण त्याची घाई नाही.

तुमची,
योवाना


कोल्कापाम्पा, २ सप्टेंबर

योवाना,

दोन शब्द चांगले बोला म्हणतेस. आधी इथं माझ्याबद्दल काय बोललं जातंय ते ऐक.

वरच्या गल्लीतली सेवेरिना तुला आठवत नसेल, तू गेलीस तेव्हा ती रांगत होती. आता एकोणीस-वीस वर्षांची असेल. नवरा फेब्रुवारीतल्या कार्निव्हलनंतर चिलीला द्राक्षांच्या मळ्यात गेला, तो अजून परतलेला नाही. ती सासूपाशी राहते. तिला दिवस गेलेत. नवरा कधी गेला आणि दिवस कधी राहिले, याचा हिशेब आपल्या गावातल्या कुणालाही बसल्या जागी जमतो, म्हणून पोरीनं कुणाला काही सांगितलं नव्हतं. फक्त फोनमधल्या अस्तेरियाला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात दवाखान्यातली नर्स विल्मा मोटरसायकलवरून आली आणि तिच्या दारावरच्या काठीला एक पांढरं फडकं बांधून गेली. म्हणे गरोदर बाईचं घर लांबून ओळखू यावं, अँब्युलन्सला शोधत बसायला नको. विल्मा पडली दूर सांताक्रूझकडची, खालच्या मुलखातली, तिला काय माहीत. पण हे फडकं तुमच्या ऑफिसातून आलंय असं ती सांगते. योवाना, आपल्या गावात दारावर पांढरं फडकं म्हणजे काय ग? ताजा पाव विकायला आहे. शहरात दुकानातून पाव घ्यायला लागलीस आणि हेही विसरलीस?

सकाळपासून लोक पाव मागायला दारात. सासू सांगून थकली, आमच्याकडे कसला पाव. एकजण तर म्हणाला, "मावशी, मोठ्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलाय होय?" शेवटी सासूनं फडकं ओढून काढलं. दुपारी विल्मा फेरीवर आली आणि तिनं दारातच ओरडा केला, की खूण का काढली, सुनेला काही झालं तर कोण जबाबदार. गल्लीत पावासाठी उभी असलेली माणसं होतीच ऐकायला.

दुसऱ्या दिवशी सेवेरिना रेडिओ स्टेशनवर आली. मी आत निरोप वाचत होते, ती काचेपलीकडे उभी. कार्यक्रम संपेपर्यंत थांबली. मग आत येऊन म्हणाली, "मी फक्त तुम्हालाच सांगितलं होतं."

मी विचारलं, "काय सांगितलं होतंस, पोरी?"

तिला वाटलं मी सोंग करतेय. "आता हेसुद्धा?" म्हणाली आणि निघून गेली.

मी तशीच विल्माकडे गेले आणि चारचौघांत तिला नको ते बोलले. गावात बोभाटा करायचे तुला पैसे मिळतात का, असंही विचारलं. ती रडायला लागली. म्हणाली, मला फक्त नाव आणि घर कळवलं जातं, कोण कळवतं ते मलाही दिसत नाही. ती खरं बोलत असावी. मग कळवतं कोण? माझा आवाज ऐकतो तरी कोण कोण?

लहानपणी तुझं जावळ मी कापलं, म्हणून मी तुझी माई. पहिली बट माझ्या कात्रीनं, माझ्या मांडीवर बसवून. आज तू माझाच केसानं गळा कापलास की काय, असं वाटतंय. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस, काय असेल ते लिही.

माई


एल आल्तो, १० सप्टेंबर

माई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पांढरं फडकं ही माझी कल्पना होती. पठारावर लांबून पांढरं चांगलं दिसतं, एवढंच डोक्यात होतं. पावाचं मी खरंच विसरले. याची मला लाज वाटते, आणि ते उद्यापासून बंद होईल.

पण नर्सला कळवण्याबद्दल मी माफी मागणार नाही. कुणाच्या घरी मदत पाठवायला हवी ते यंत्र ठरवतं आणि दवाखान्याला कळवतं. त्याशिवाय या सगळ्याचा उपयोग काय? माझी आई दिवसभर तळमळत होती, तेव्हा तुम्ही रेडिओवरून पुन्हापुन्हा सांगितलंत, की एउलोहियाला शहरात न्यायला ट्रक हवाय. अख्ख्या पठारानं ऐकलं. त्या दिवशी जत्रा होती, कुणी आलं नाही. आई गेली आणि बाळही गेलं. नुसत्या ऐकण्यानं कुणी वाचत नाही, माई. ऐकल्यावर कुणीतरी दारात गेलं पाहिजे, म्हणून मी हे करून ठेवलंय.

आणि सेवेरिनाला विचारलं होतं. सगळ्यांना विचारतो. 'गरज पडली तर मदत पाठवू का?' ती हो म्हणाली होती.

रागावू नका, पण मलाही एक विचारायचंय. विल्मानं ओरडा करायच्या आधीच कुणाला काही माहीत होतं का? बायका तुमच्याकडे सगळं बोलतात. रेडिओच्या बाकावर बसून चार गोष्टी होतात, कधी बोलण्याच्या ओघात एखादं नाव निघून जातं. तसं काही झालं असेल तर मला कळवा, मी इथं सांभाळून घेईन. आमच्याकडून बोलणं बाहेर जाणं शक्य नाही. इकडे यंत्राशिवाय कुणी ऐकत नाही.

योवाना


कोल्कापाम्पा, २० सप्टेंबर

योवाना,

तू सांभाळून घेशील म्हणे. मला.

ज्या बाईनं तुला टेबलाखाली लपवलं आणि तुझ्या बापालाही कारण कळू दिलं नाही, तिला तू विचारतेस की तोंडातून नाव निघून गेलं का. बरं झालं विचारलंस. तुझ्या मनात काय आहे ते तरी कळलं.

तुझ्या आईचं तू लिहिलंस. त्या दिवशी मी माईकसमोर ओरडून ओरडून घसा बसवला. लोक आले नाहीत याचं दुःख मला तुझ्याइतकंच आहे. पण एउलोहियानं मला ट्रक बोलवायला सांगितलं होतं, म्हणून मी तिचं नाव घेतलं. न सांगता घेतलं नव्हतं.

सेवेरिना गावातून गेली. सासूनं हाकललं की स्वतःहून गेली, हे दोन्ही बाजूंनी ऐकू येतं. कपड्यांचं गाठोडं घेऊन रस्त्यावर उभी होती, एक ट्रक थांबला, त्यात बसली. तिच्या आईलाही पत्ता नाही.

आणि आपल्या रेडिओबाहेरचा बाक आता मोकळा असतो. लोक निरोप घेऊन येत नाहीत. काल दिवसभरात एक म्हातारा आला, त्याचं मेंढरू हरवलंय. मेंढराचं कुणाला कळलं तरी त्याची हरकत नसावी. मी आज काय वाचू? हवामान वाचते. माझ्याजवळ शेत नाही, लेकरू नाही. मी सांगितलेलं आत ठेवते आणि वाच म्हटलेलं वाचते, एवढ्यावर लोकांनी मला आजवर मान दिला. तोच गेला तर मी इथं राहून काय करू ते सांग.

म्हणून मी काल बेनिताच्या घरी गेले. तिचा फोन घेतला आणि स्वतःलाच लावला. पलीकडून मी बोलले. काय गोड बोलायला लावतेस ग तू मला. मी काही न बोलता थांबले, तर ती म्हणते, "संकोच करू नकोस, बाई. इथं माझ्याशिवाय कुणी नाही. तू सांगशील ते आपल्या दोघींत राहील."

मी फोन कानापासून दूर धरला. बाळ मांडीवर घेतलेली बेनिता म्हणाली, "बाई, तुम्ही नेहमी असंच म्हणता."

योवाना, हे वाक्य मी त्या खोलीत वाचलेलं नाही. हे कुणी लिहिलं? आणि ते खरं आहे का? रविवारपर्यंत उत्तर आलं नाही, तर फोनमधली अस्तेरिया खोटी आहे असं मी रेडिओवर सांगणार. मग तुझे तीन जिल्हे गेले खड्ड्यात.

अस्तेरिया


एल आल्तो, २६ सप्टेंबर

माई,

झेनोनला थांबवून ठेवलंय, म्हणून भराभर लिहिते. रविवारी काही बोलू नका. आधी हे वाचा.

ते वाक्य मी लिहिलं.

सुरुवातीला बायका उत्तरच देत नव्हत्या. आवाज तुमचा आहे हे ओळखायच्या, हसायच्या आणि फोन ठेवायच्या. ते वाक्य घातलं आणि त्या बोलायला लागल्या. इंजिनियरसाहेबांनी माझं कौतुक केलं. मी मनाची समजूत घातली, की ऐकणारं त्यांच्या जवळपास कुणी नाहीच, म्हणजे ते खरंच आहे.

पण ते खरं नाही. इथं एक खोली आहे. कानाला हेडफोन लावून सहा मुली बसतात, कारण आपली भाषा यंत्राला अजून नीट कळत नाही. त्या ऐकतात आणि काय ते लिहून देतात. त्यांच्यासोबत मीही बसते, माझ्याकडे आपल्या भागातल्या बायका असतात. सेवेरिनाचं बोलणं मी ऐकलं. नर्सला कळवायचं बटण मी दाबलं. तिनं होकार दिला होता हे खरंय, पण त्याआधी तिनं विचारलं होतं, "म्हणजे तुम्हीच याल ना, बाई?" यंत्राला तो प्रश्न कळला नाही, त्यानं पुढचं विचारलं. मला कळला होता. मी पोरीचं भलं होतंय असं समजून बटण दाबलं, आणि नंतर तुमच्यावरच संशय घेतला. काय म्हणायचं ते म्हणा.

आता मुख्य गोष्ट. सेवेरिना फोन करते.

दुपारच्या सुमाराला, दरवेळी वेगळ्या टपरीवरून. शहराचे आवाज असतात मागे, ती इथंच कुठंतरी आहे. फोन लावून ती तुम्हाला शिव्या देते. "का सांगितलंत? तुमचं मी काय बिघडवलं होतं?" यंत्र म्हणतं, "बरं. पोटात दुखतं का?" ती रडते, आणि मग उत्तर देते, की हो, दुखतं. "रक्त जातं का?" हो, थोडं. परवा म्हणाली, दोन दिवस काही खाल्लं नाही. यंत्र म्हणालं, "भरपूर पाणी पी आणि पालेभाज्या खा."

मी मधेच तोडून बोलायचा प्रयत्न केला. माझा आवाज ऐकल्याबरोबर तिनं फोन ठेवला आणि दोन दिवस केलाच नाही. कुठं आहेस, असं यंत्राकडून विचारून पाहिलं, तरी ठेवला. पत्ता विचारला की फडकं येतं, हे तिला आता कळलंय.

तुम्ही रविवारी रेडिओवर सांगितलंत, तर ते कानोकानी तिच्यापर्यंत पोचेल आणि ती फोन करायची बंद होईल. या शहरात तिचं दुसरं कुणी नाही. तिला भांडायला तरी फक्त तुम्ही आहात. मी काय करू ते सांगा.

योवाना


कोल्कापाम्पा, ३० सप्टेंबर

योवाना,

खरं लिहिलंस हे चांगलं केलंस. उशिरा केलंस.

रविवारी मी हवामान वाचलं आणि गप्प बसले. गावाला वाटतंय, बोलायला तोंड नाही म्हणून गप्प आहे. वाटू दे.

मी येतेय. हे पत्र सकाळच्या बसनं निघेल, मी त्याच्या मागच्या बसनं. मला त्या खोलीत बसव. पोरीचा फोन आला की यंत्र बंद करायचं आणि मला जोडायचं. काय ते बटणबिटण असेल ते आधी दाखवून ठेव, माझे हात माईकला सरावलेले आहेत, शिकेन.

एक अट आहे. मी बोलत असताना त्या खोलीत कुणी असता कामा नये. त्या सहाजणी नकोत, तुझे इंजिनियरसाहेब नकोत. तूही नकोस. यंत्रात काही साठत असेल तर तेही बंद कर. तू माझ्या तोंडी जे वाक्य घातलंस ना, ते निदान एकदा तरी खरं होऊ दे.

साहेब नाही म्हणाले तर त्यांना सांग, आवाज माझा आहे आणि तीन जिल्ह्यांचा होकार मी अजून दिलेला नाही. मलाही अडवणूक करता येते.

स्टँडवर न्यायला ये. तुझ्यासाठी म्हणून येत नाहीये, पण ये.

माई


एल आल्तो, १४ ऑक्टोबर

माई,

तुम्ही गेल्यापासून मी रोज पत्राची वाट पाहतेय.

दोन दिवस तुम्ही त्या खुर्चीत बसून होतात, तिसऱ्या दिवशी फोन आला. मी तुम्हाला जोडून दिलं आणि दार ओढून बाहेर गेले. साठवण मीच बंद केली होती, सहाही मुली जिन्यात उभ्या होत्या, साहेब खाली रस्त्यावर येरझाऱ्या घालत होते. बटाटे शिजून व्हावेत एवढा वेळ दार बंद होतं. मग तुम्ही बाहेर आलात, घागरा झटकलात आणि म्हणालात, "स्टँडकडे रिकामी टॅक्सी मिळेल ना?" मी विचारलं, काय झालं. तुम्ही म्हणालात, "पोटात कावळे ओरडताहेत, काल कुठली ती चांगली खानावळ म्हणालीस?" बस. तेव्हापासून सेवेरिनाचा एकही फोन आला नाही.

मी झेनोनला विचारलं. तुम्ही त्या दिवशी त्याच्या बसमध्ये नव्हतात म्हणे, चार दिवसांनी आलात. शेजारच्या सीटवर कुणी होतं का, असं विचारलं, तर तो म्हणाला, "चष्मा नव्हता, काही दिसलं नाही." त्याला तुम्ही पढवलंय असं मला वाटतं.

इकडचं सांगते. तुमचा आवाज काढला. आता एका मुलीचा साधा आवाज आहे आणि ती सुरुवातीलाच सांगते, की तू जे बोलशील ते एक बाई ऐकेल, आणि नर्सला कळवायचं की नाही ते तू ठरवायचं. निम्म्या बायका हे ऐकून फोन ठेवतात. साहेब नाराज आहेत. मलाही भीती वाटते, की ज्या निम्म्या ठेवतात त्यांत एखादी बेनिता असेल. तिचे पाय सुजलेले असतील आणि ती बोलणार नाही. या भीतीला माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्याकडे असलं तर सांगा.

पण आधी सेवेरिनाचं सांगा. ती कुठं आहे? रक्त थांबलं का? मूल आहे की नाही? हे मी ऑफिससाठी विचारत नाही. आईच्या खोलीबाहेर मी अशीच उभी होते, दार बंद होतं आणि मला कुणी काही सांगत नव्हतं. मला पुन्हा तसं उभं करू नका.

योवाना


कोल्कापाम्पा, २२ ऑक्टोबर

योवाना,

ती जिवंत आहे. एउलोहियाची लेक म्हणून तुला एवढं सांगते. यापुढचं सांगणार नाही, साहेबांना नाही, तिच्या सासूला नाही, आणि तुलाही नाही. तिच्या नवऱ्याचा चिलीहून रेडिओवर निरोप आलाय, त्यालाही उत्तर गेलेलं नाही.

माझ्यापुरतं जे आहे ते सांगते. जोडणी झाली, मी 'सेवेरिना' म्हटलं. ती म्हणाली, "कोण बोलतंय? फोनमधली की गावातली?" आवाज तर एकच. मी गावातली, असं म्हटलं तर ते तीही म्हणाली असती. खूण पटवायला काहीतरी सांगावं, तर त्या पोरीचं मला ठाऊकच काय होतं? शेवटी मी म्हटलं, "पोरी, तू काय काय सांगितलंस ते मी ऐकलेलं नाही. मला तुझं काही माहीत नाही." आणि गप्प बसले. मी पुढचं काही विचारत नाही हे पाहून तिला पटलं असावं. मग ती बोलायला लागली. काय बोलली ते तिचं आहे.

रविवारी मी रेडिओवर सांगितलं, की फोनमधला माझा आवाज यंत्राचा होता, त्याला दिलेलं उत्तर मला कधी कळलेलं नाही, आणि माझा आवाज वापरू दिला ही माझी चूक. बेनिताचा जीव त्याच यंत्रानं वाचवला हेही सांगितलं, कारण तेही खरं आहे. विल्माची मी बाजारात सगळ्यांसमोर माफी मागितली. ती अजून नीट बोलत नाही. काल बाकावर दोघीजणी येऊन बसल्या. एकीनं निरोप दिला, दुसरी नुसतीच बसून गेली. बघू.

ज्या बायका फोन ठेवतात त्यांच्याबद्दल माझ्याकडेही उत्तर नाही. त्यांना तुमचा भरवसा वाटेपर्यंत कुणीतरी मरेल, ही तुझी भीती मला झोंबली, कारण ती खोटी नाही. तरीसुद्धा खोटं बोलून काढून घेतलेलं मला चालणार नाही. तीन जिल्ह्यांना माझा आवाज मिळणार नाही. माझ्याऐवजी तिथल्या बायका शोध आणि त्यांना आधी सगळं सांग.

झेनोनला मी पढवलेलं नाही. तो आपणहून शहाणा झालाय.

आता तुझं माझं. तुझ्यावर जीव आहे, तो काही कमी झालेला नाही. भरवसा मात्र सध्या नाही, आणि असल्याचं सोंग माझ्याच्यानं होत नाही. पण दार बंद करून तुला बाहेर उभंही करणार नाही. सुट्टी काढून ये. माझ्याकडे उतर, रेडिओच्या बाकावर बस, लोकांत मिसळ. घरात एखादी बाई दिसली तर तिला काहीही विचारू नकोस. ती बोलली तर ऐक, आणि जे ऐकशील ते मलासुद्धा सांगू नकोस.

माई